ककणेराची ढोली

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. जोयडा

नंदिगड्ड्याच्या ओढ्यावर आज करडा धोबी दिसला. या थंडीतला पहिला. शेपूट खालीवर करत एका दगडावरून दुसऱ्यावर जात होता. पिशवीतून कॅमेरा काढेपर्यंत उडाला. कॅमेरा नेहमी रक्ताच्या काचपट्ट्यांच्या खाली जातो, तसा आजही होता. सरकारी पिशवी आहे आणि आधी सरकारी सामान ठेवायचं.

सात वर्षं झाली मलेरियाच्या या नोकरीला. घरोघर जायचं, ताप आलाय का विचारायचं, आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा, दारावर खडूनं तारीख लिहायची, पुढचं घर गाठायचं. रानातून दिवसाला दहा-बारा मैल चालणं होतं. गेल्या वर्षी बेळगावातून जुना झेनिट कॅमेरा आणि लांबचं भिंग घेतलं, तेव्हापासून चालताना डोळे वरच असतात. दोनदा पडलो.

गिरजा म्हणते, "तुम्हाला घरात दोन घटका बसवत न्हाई. आधी तरी निदान रविवारी असायचा."

बेळगावच्या एका छायाचित्र मंडळाची स्पर्धा आहे. विषय रानपक्षी. शेवटची तारीख ३१ मे. यंदा फोटो पाठवायचाच.

९ डिसेंबर

रोल धुऊन आला. छत्तीसमधले एकतीस वाया. स्वर्गीय नर्तकाची नुसती पांढरी रेघ आलीय, पाखरू चौकटीबाहेर. उरलेले पाच कुणीही काढले असते. बुलबुल तारेवर, बुलबुल कुंपणावर.

वहीत तक्रार लिहून काय होणार? तरी लिहितो.

३ जानेवारी १९८९

नंदिगड्ड्याच्या पलीकडे दोन डोंगर उतरल्यावर चार घरांची वाडी आहे. तिथल्या शेवटच्या घरात झिलू राहतो. वय माझ्याएवढंच, पस्तिशीचं. भात करतो, फॉरेस्टच्या कामाला जातो, उन्हाळ्यात मध काढतो. बायको पुतळी, आणि म्हातारी आई बाळी. दिवाळीनंतर बाळीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलते ते निम्मं कळतं.

मी रक्त घ्यायला बसलो तर झिलू म्हणाला, "परशूअण्णा, ताप न्हाई तिला. हात तेवडा बघा की."

मी डॉक्टर नाही हे या लोकांना सात वर्षं सांगतोय. तालुक्याला नेलं होतं म्हणे, तिथं गोळ्या दिल्या. मी चिंध्यांचा एक घट्ट चेंडू करून दिला आणि रोज दाबायला सांगितलं. दवाखान्यात तेच शिकवतात. बाळीनं चेंडूकडे असं बघितलं, जणू मी तिच्या हातात शेणगोळा दिलाय.

निघताना झिलूनं विचारलं, "ह्या डब्यात पाखरं धरता म्हणं?" मग सांगत सुटला. कुठल्या उंबरावर कोण येतं, कवा येतं, कुठं पाणी पितं. मी चाळीस वाटा चाललो असेन, हा एका जागी बसून सगळं जाणतो. मला हेवा वाटला.

२२ फेब्रुवारी

चार दिवस उळवीच्या जत्रेत ड्यूटी. बैलगाड्या, धूळ, क्लोरीनच्या गोळ्या. देवळामागची सावर लालभडक फुललीय आणि तिच्यावर मैना, हळद्या, कोतवाल यांची नुसती झुंबड. मी खाली उभा राहून लोकांच्या कळशीत गोळ्या टाकतोय. कॅमेरा घरी.

८ मार्च

आज जे बघितलं ते आधी लिहून टाकतो.

झिलूनं निरोप धाडला होता. गेलो तर वाडीच्या वर घेऊन गेला. जुना बेहडा आहे, चाळीस फूट सरळ खोड, आणि तिथं एक ढोली. ढोलीच्या तोंडाशी ककणेराची मादी आत बसली होती. पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात तोच. ती आतून विष्ठा आणि फळांचा लगदा लावून दार लिंपत होती. नर फांदीवर. आता ती अडीच-तीन महिने आतच राहणार. अंडी घालणार, पिसं झडणार, उडता येणार नाही. एक बोटभर फट राहणार आणि नर त्या फटीतून भरवणार. तो आला नाही तर संपलं.

"अण्णा, आमच्या बा-पास्नं हितंच हाईत ही," झिलू म्हणाला. "कुणाला सांगू नगा."

मी शपथ घेतली. गिरजाला मात्र रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "तीन महिने कोंडून? आणि त्यानं नाही आणलं म्हणजे?"

"आणतो."

"दर वेळी?"

१९ मार्च, रविवार

समोरच्या टेकाडावर पाल्याची खोप केली. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत आत. गोचीड, घाम, पाय मुंग्यांच्या वाटेत. नर चार वेळा आला. गळ्यातून एकेक उंबर वर काढतो, चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून तिच्या चोचीत देतो. किती जपून. मला हवा तो क्षण तोच, दोन चोची आणि मधे फळ. पण दर वेळी तो अंगानं झाकून टाकतो.

झिलू मागे बसला होता. मधेच विचारलं, "ककणेराच्या चरबीचं त्येल चोळलं की वाऱ्यानं लुळा पडलेला हात उठतो म्हणत्यात. खरं काय अण्णा?"

मी भिंग जुळवत होतो. "असेल, जुनी माणसं सांगतात खरी," म्हणालो. तेवढ्यात नर आला. परत पाठ.

सहा फोटो. एकही धड नाही.

२ एप्रिल

रामनगरला गिरजाच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मी गेलो नाही. सकाळच्या उजेडात नर डाव्या बाजूनं बसायला लागलाय, हे सोडून जाणार कसा? गिरजा एकटी बसनं गेली, एकटी आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "फोटो आला का?"

आला नाही. हात हलला.

१३ एप्रिल

काल दिवसभर नर आला नाही. आजही नाही. मादीची चोच फटीतून बाहेर येते, आत जाते. आतून पिल्लाची बारीक किरकिरही ऐकू येते. म्हणजे अंडं फुटलंय.

दुपारी खोपीतून उठून खाली शोधलं. ओहोळाच्या कडेला काळीपांढरी पिसं. शेपटीची लांब पांढरी पिसं, दोन तीन नाही, मूठभर. पानांवर रक्त वाळलेलं.

मी रडलो. कुणी बघत नव्हतं.

तसाच झिलूकडे गेलो. तो परड्यात लाकडं फोडत होता. सांगितलं तर कुऱ्हाड तशीच धरून उभा राहिला. "पोर झालंय आत?" त्यानं विचारलं. मी म्हणालो आवाज ऐकला. त्यानं कुऱ्हाड टाकली आणि खाली बसला. त्याचंही त्या पाखरांवर किती प्रेम आहे!

मी तिथून तडक फॉरेस्टच्या रेंज ऑफिसला गेलो आणि लेखी तक्रार दिली. बाहेरचे शिकारी असणार, जीपवाले. शोधून काढा, सोडू नका, असं स्वच्छ लिहिलंय. फॉरेस्टर म्हणाले, "एका पक्ष्यासाठी?" मी म्हणालो, "तीन."

१५ एप्रिल

झिलू रात्रभर बांबू तासत होता, असं पुतळी म्हणाली. सकाळी मी पोचलो तेव्हा बेहड्याला मेखा ठोकत अर्ध्यावर पोचला होता. मधासाठी चढतात तसंच. कमरेला दोर, पाठीला उंबरांची पिशवी.

"झिलू, ती घेणार नाही. माणसाच्या हातातून नाही घेत."

"घेईल."

ढोलीशी पोचला तर तिनं आतून असा आवाज काढला की मी खाली दचकलो. बोट फोडलं त्याचं. त्यानं उंबर फटीशी धरून ठेवलं. अर्धा तास. ती आत, तो बाहेर. शेवटी फळ खाली पडलं.

तीन वेळा चढला. तिन्ही वेळा तेच.

१८ एप्रिल

घेतलं!

चौथ्या दिवशी. बोटानं न देता त्यानं बांबूच्या चिमट्यात उंबर धरलं, चोचीसारखं. तिनं बराच वेळ बघितलं. मग ओढून घेतलं. मग दुसरं. मी खालून मोजत होतो, एकोणतीस. झिलू वरून ओरडला, "आत पोराला देतीया, अण्णा!"

२७ एप्रिल

झिलू रोज दोनदा चढतो. उंबर, वडाची फळं, नाकतोडे, एकदा सरडा. फॉरेस्टच्या रोजगाराला जाणं सोडलंय. पुतळी कुरकुरते तर ऐकत नाही. मी एक दिवसाआड जातो आणि फिरतीच्या वाटेत सापडतील ती फळं नेऊन देतो. सरकारी पिशवीत आता काचपट्ट्या खाली आणि उंबर वर.

आज उजेड असा पडला होता की सांगता येत नाही. ढोली, तिची चोच, झिलूचा हात, मधे लाल उंबर. मला हवा त्याहून मोठा फोटो. कॅमेरा वर केला तर झिलूनं वरूनच बघितलं.

"फोटू नगो, अण्णा."

"अरे, बेळगावात लोक बघतील. तू काय केलंस ते कळेल."

"माझा हात दिसाय नगो. पाया पडतो."

कसला लाजाळू माणूस. मी कॅमेरा खाली घेतला पण मनातून चिडलो होतो, हे इथं खरं लिहितो. घरी येऊन गिरजाला सगळं सांगितलं. बाळी आता भिंतीला टेकून बसते, हातही थोडा उचलते, हेही सांगितलं. चेंडूचा गुण.

गिरजा भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. "कधीपासनं बसते?"

"आठ-दहा दिवस. का?"

"काही न्हाई," म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

६ मे

रेंज ऑफिसात तिसरी चक्कर. शोध चालू आहे म्हणतात. मी म्हणालो वाडीवाडीत ठासणीच्या बंदुका आहेत, निदान तेवढ्या तरी तपासा. नावानिशी यादी देतो म्हणालो. फॉरेस्टरनी लिहून घेतलं.

हे झिलूला सांगितलं तर तो कमरेला दोर बांधायला लागला. त्याचा चेहरा किती ओढलाय. उन्हानं असेल. मला तर रात्री झोप नाही. पंचवीस दिवसांत स्पर्धेची तारीख आणि हातात धड एक फोटो नाही. मारणारा सापडत नाही. पिल्लू जगेल का माहीत नाही. रानात गेलो की घरी जावंसं वाटतं, घरी आलो की रानात.

१६ मे

झिलू बेहड्यावर होता. पुतळी पाण्याला. मी बाळीपाशी बसलो. हात बघावा म्हणून म्हटलं, "म्हातारे, चेंडू दाबतेस ना?"

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. वाकड्या तोंडानं, थांबत थांबत बोलली. पण सगळं कळलं.

"पोरानं माझ्यापायी मारला त्येला. त्येल चोळलं मला. मला ठाव न्हवतं कसलं ते. पुतळी बोलली तवा कळलं. तवापास्नं मी लावू देत न्हाई. तरी बी हात उठतोयच, बघ." आणि हात उचलून दाखवला. "तू सरकारात सांगितलंस म्हणं. मंग मलाच धरून न्हे. माझ्याच पायी झालं."

मी उठलो. झिलू उतरत होता. त्याच्याकडे न बघता निघून आलो.

१७ मे

गेलो नाही.

२० मे

तीन दिवस फिरतीला उलट्या बाजूला गेलो, बाजारकुणंगकडे. उगाच. चालत राहिलो. दारांवर तारखा लिहिल्या. एका घरी तारीख चुकीची लिहिली, मागं जाऊन पुसली.

त्यानं पिसांचं ऐकूनही माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. मला जीपवाल्यांच्या मागं धावू दिलं. आणि मी म्हणत होतो प्रेम आहे!

आज गिरजाला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "मला तवाच वाटलं होतं," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय केलं असतंत? धावत ऑफिसात गेला असता. मग वर कोण चढलं असतं?" मग तिनं विचारलं, "त्याला तेलाचं कुणी सांगितलं?"

मी मागची पानं उलटली. एकोणीस मार्च. माझंच अक्षर. असेल, जुनी माणसं सांगतात खरी. दवाखान्याचा माणूस बोलला होता. मी तेव्हा भिंग जुळवत होतो.

दुपारीच निघालो. झिलू बेहड्याच्या बुडाशी पिशवीत फळं भरत होता. मला बघून उभा राहिला.

"अण्णा, पोर आत असंल हे ध्यानात न्हाई आलं बघा," तो म्हणाला. "म्हातारी आवय रोज राती कण्हायची. सकाळी बंदूक घेतली. परत यून चरबी काढली, तवा ढोलीतल्या मादीच्या चोचीचा आवाज ऐकू यायचा, घरापतुर. खरंच यायचा का मलाच वाटायचं, ठाव न्हाई."

"मी 'असेल' म्हणालो होतो," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं, तरी म्हणालो."

त्यानं मान हलवली. ते त्याला नको होतं. "पिल्लू उडू दे. मंग मी सोता येतो आफिसात. तोवर कुणाला सांगू नगा. हितं दुसरं कोण चढणार?"

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि फळं निवडायला लागलो.

३१ मे

स्पर्धेची तारीख गेली. आज सकाळी खोपीत बसलो असताना लक्षात आलं. काही वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

पिल्लाचा आवाज आता घोगरा झालाय. मादी दाराच्या आतून चोच घासते.

३ जून, शनिवार

सकाळी साडेसातला दार फुटलं. आतून तुकडे पडायला लागले, मातीच्या खपल्यांसारखे. मादीनं डोकं काढलं, खांदे काढले, अडकली, परत आत गेली. झिलू माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या तोंडून नुसतं "ये, ये, ये" चाललं होतं, गुराला बोलवावं तसं. मग ती बाहेर आली आणि फांदीवर पडल्यासारखी बसली. पिसं नवी, चुरगळलेली. कितीतरी वेळ पंख पसरून बसून राहिली. मग उडाली. त्या पंखांचा आवाज! जवळून गेली तर गिरणीच्या पट्ट्यासारखा येतो.

अकराच्या सुमाराला पिल्लू. एकच होतं. ढोलीच्या तोंडात बसून भित्र्यासारखं खाली बघत होतं. मादी समोरच्या झाडावरून ओरडत होती. उडालं आणि धपकन दुसऱ्या फांदीवर. आणखी एक फांदी. मग दोघं ओहोळापलीकडे दिसेनाशी झाली.

कॅमेरा गळ्यात होता. तीन फोटो काढले, बाकीचं नुसतं बघितलं.

झिलू घरी गेला. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. बंदूक फडक्यात गुंडाळली. बाळीच्या पायाला हात लावला. तिनं तोंड भिंतीकडे केलं. पुतळीला म्हणाला, "पाऊस लागला की तरवा काढ." आणि मला, "चला."

आम्ही जोयड्यापर्यंत चालत आलो. बस मिळाली असती, पण तो म्हणाला चालू या. वाटेत एकदाही थांबला नाही. मीच मागं पडत होतो.

फॉरेस्टर टेबलावरून उठले. "तुम्हीच तक्रार दिलीत ना?" त्यांनी मला विचारलं. "आणि तुम्हीच घेऊन आलात?"

"घेऊन आलो नाही," मी म्हणालो. "तो आलाय. मी सोबत आहे." मग तेलाबद्दल मी काय बोललो होतो आणि त्यानं पन्नास दिवस मादीला कसं जगवलं, ते सगळं लिहून घ्या म्हणालो. त्यांनी लिहिलं. शेवटी मी खाली सही केली.

"साहेब, लिवलं ते बरोबर हाय," झिलू म्हणाला. "मी मारला."

९ जुलै, रविवार

झिलूला अजून जामीन नाही. दोन तारखा पडल्या. दुसऱ्या तारखेला मी रजा काढून गेलो, दुरून दिसला. त्यानं ओरडून विचारलं, "तरवा काढला का?"

भाताचा तरवा काढलाय, रोपं लावणारा नाही. पुतळी एकटी चिखलात. वाडीतले शेजारी आपापल्या शेतात. मी काल गिरजाला म्हणालो, आठवड्याची रजा घेतो. तिला वाटलं कॅमेरा घेऊन चाललो. रिकामी पिशवी बघून स्वतःच लुगडं खोचून बसमध्ये चढली.

दोघं दिवसभर वाकून होतो. खानापूरला लहानपणी रोपं लावली होती, हात विसरले आहेत. पुतळी माझ्या रांगेकडे बघून हसली. झिलू गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. बाळी ओट्यावर बसून डाव्या हातानं खुणा करत होती, इकडे, तिकडे, सरळ. कंबर मोडली आहे. पण आज दिवसभरात कुठं दुसरीकडे जावंसं वाटलं नाही. हे कधी झालं होतं, आठवत नाही.

१४ जुलै

दुपारी झिलू आला. जामीन झाला, केस चालेल. इरलं न घेता भिजत, अनवाणी, टेकडी उतरून बांधावर येऊन उभा राहिला. वाळलाय. आधी ओट्यावर आईकडे बघितलं. बाळीनं दोन्ही हात वर केले, उजवा जरा कमी.

मग तो शेताकडे बघत राहिला. पाच-सहा दिवसांत लावलेल्या माझ्या रांगा. मी चिखलातून ताठ उभा राहिलो, काहीतरी बोलेल म्हणून.

"हे कुणी लावलं?"

"मी."

तो चिखलात उतरला. माझ्या रांगेतली रोपं एकेक मूठ उपटली आणि नीट अंतरानं, खोल, परत लावायला लागला. अर्धी रांग झाल्यावर मान वर न करता म्हणाला, "अण्णा, हुबं का? तरवा द्या की."

मी पेंढी सोडून त्याच्या हातात दिली. मग दुसरी. अंधार पडेपर्यंत तेच काम केलं.